उधाणाचा रविवार

सकाळपासूनची ही दुसरी घळ. मयुरी तिला कॅन्यन म्हणते, मी मनातल्या मनात घळ म्हणते आणि दादा काहीच म्हणत नाही. तो गाडीतून उतरतो, कठड्यापर्यंत येतो, खाली बघतो आणि परत गाडीकडे वळतो. काल धबधब्यापाशी त्याने हेच केलं, परवा गरम पाण्याच्या झऱ्यांपाशीही हेच. "बघितलं," एवढंच बोलतो. मयुरी त्याची मुलगी, डेन्मार्कला नोकरी करते. वहिनी गेल्यापासून पेणच्या फ्लॅटमध्ये एकटा बसून राहिलेल्या बापाला जरा बाहेर काढावं म्हणून तिने ही आइसलँडची सहल ठरवली आणि सोबतीला मला, रोह्याच्या आत्याला, धरलं. माझे गुडघे दुखतात आणि मी शिकवते त्या शाळेची सुट्टी संपत आली आहे. तरी आले. भावाला एकट्याला एवढ्या लांब पाठवणं जिवावर आलं होतं.

इथे झाड म्हणून नाही. दगड आपल्याच सह्याद्रीसारखा काळा, आणि त्याच्यावर करड्या-हिरव्या शेवाळाचा गादीसारखा थर. त्यावर पाय ठेवायचा नाही अशी पाटी लावली आहे. दोन्ही बाजूंनी कडे उभे, खाली तळाशी बारीकशी नदी. वारा असा की बोललेलं तोंडातच राहतं. हॉटेलातल्या नळाच्या गरम पाण्याला अंड्याचा वास येतो, आणि दिवस मावळायचं नाव घेत नाही, त्यामुळे झोपही धड होत नाही. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? पण सुंदर बघायलाही अंगात त्राण लागतं आणि आम्ही दोघं बहीणभाऊ ते घरूनच संपवून आलो होतो.

या घळीपाशी मात्र दादा वळला नाही. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. मयुरीने पाटीवरचं वाचून सांगितलं, की हा सगळा डोंगर पाण्याने कापलाय, आधी नुसती फट होती, मग पाणी येत गेलं आणि रुंद होत गेली. दादाने मान हलवली. मग एकच शब्द बोलला, "खांड."

मयुरीला कळला नाही. तिचा जन्म पेणच्या फ्लॅटमधला. मला कळला, आणि कळल्याबरोबर नाकात वास आला. ओल्या चिखलाचा, सडलेल्या पेंढ्याचा, आणि त्याच्या तळाशी मिठाचा.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. गाव आणि खाडी यांच्या मध्ये आमची शेतं, आणि शेतं आणि खाडी यांच्या मध्ये मातीचा बांध. दगड नाही, सिमेंट नाही, नुसता चिखलाचा बांध, माणसाच्या डोक्यापर्यंत येईल एवढा उंच. त्याच्या अलीकडे भात, पलीकडे समुद्राचं पाणी. तो बांध फुटून जिथे वाट पडते ती खांड. खांड गेली, म्हणजे बांध असा फुटला, की भरतीचं पाणी शेतात शिरतं, ओहोटीला परत जातं आणि जाताना दोन्ही कडांची माती घेऊन जातं. आज माणूस उडी मारून जाईल एवढी असते, पुढच्या उधाणाला होडी जाईल एवढी होते. आमच्याकडे लहान मुलांना वाघाची भीती कुणी घातली नाही. खांड जाईल, झोप, असं म्हणायचे.

माझं लहानपण त्या बांधावरून चालण्यात गेलं. आई पुढे, मी मागे. डाव्या हाताला तिवरांची झाडं, चिखलातून उड्या मारणारे निवटे, खाडीतून कोळशाच्या बार्जचा लांबून येणारा धकधक आवाज. उजव्या हाताला राताचं भात, कणसं लालसर. खाऱ्या जमिनीत टिकणारं ते एकच भात, आणि त्याची पेज तांबूस दिसायची. चिंबोऱ्या बांधाला भोकं पाडतात, तिथूनच पाणी आत यायला सुरुवात होते. आई चालता चालता भोक दिसलं की टाचेने दाबायची, चिखल भरायची आणि पुढे जायची. बोलणं थांबायचं नाही. शेजारणीची गाऱ्हाणी, माझ्या वेण्या, संध्याकाळचं कालवण, सगळं चालू असायचं आणि मध्येच टाच. पुढे कितीतरी वर्षं पेणच्या रस्त्यावरून जातानाही ती खड्डा दिसला की टाच टेकवायची. आम्ही हसायचो.

आमच्या घरात तारीख कुणी विचारत नसे, तिथी विचारत. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी चढून बांधाच्या ओठापर्यंत यायचं. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी मरगळलेलं, आलं तर आलं. बांधाचं जे काही काम करायचं ते भांगाला करायचं, एवढं आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आई लग्नाची बोलणीसुद्धा भांगाला करावी म्हणायची. उधाणाला माणसांची डोकी ठिकाणावर नसतात, असं तिचं मत होतं.

बांध कुणा एकाचा नव्हता. खांड गेली की ती भरायला गावाचा जोळ बसायचा. घरटी एक धडधाकट माणूस, आपलं पावडं आणि आपली भाकरी घेऊन. मजुरी नाही, हिशेब नाही. बांधावर पोचल्यावर जोळाचा म्होरक्या एकेका घराचं नाव घेऊन हाळी द्यायचा आणि त्या घरच्या माणसाने "व्हय" म्हणायचं. ज्या घराचा "व्हय" आला नाही त्या घराला कुणी काही बोलत नसे. पण त्या घरी होळीला कुणी जात नसे. आमचे बाबा म्होरके होते. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण खाडीवर लांब जायचा.

मी पेणच्या कॉलेजात जाऊ लागले त्या वर्षांतली ही गोष्ट, नव्वदीच्या मध्यावरची. तोवर गावातली बहुतेक पोरं नागोठण्याकडे कंपन्यांत लागली होती. दादाही लागला. त्याच्या कपड्यांना एक निराळा वास यायला लागला, रॉकेलसारखा, पण रॉकेल नव्हे. घरात फर्स्ट, सेकंड, नाइट असे शब्द आले. आई "याची आज शिकंड हाय" म्हणायची आणि त्याप्रमाणे भाकऱ्या थापायची. भिंतीवर पंचांगाच्या शेजारी कंपनीचं कॅलेंडर लागलं, त्यावर निळ्या पेनाने केलेल्या खुणा. दोन्ही एकाच खिळ्याला होती आणि वारा आला की एकमेकांवर आपटायची.

त्या वर्षी भादव्यातल्या उधाणाला खांड गेली. आमच्या खारीतच, म्हणजे बांधाआडच्या आमच्या शेतांच्या पट्ट्यात, आमच्या शेताच्या अंगाला. आधी एक घरघर ऐकू आली, मग काहीच नाही. आम्ही पोचलो तेव्हा पोटरीत आलेलं भात पाण्याखाली होतं आणि वरून पाणी अगदी शांत दिसत होतं, गढूळसुद्धा नाही. बाबा काठावर उभे होते. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. हात बाजूला लोंबलेले, पावडं पायाशी पडलेलं. ते शेत त्यांच्या आज्याने खाडीतून काढलं होतं, दर पावसाळ्यात मीठ धुऊन धुऊन गोडं केलं होतं. खांड लवकर भरली तर पुढच्या पावसात मीठ निघून जाईल आणि पेरता येईल. नाही भरली तर शेत खाडीचं. यात तिसरं काही नव्हतं.

पुढच्या अष्टमीला जोळ बसला. बाबांनी हाळी दिली आणि जे "व्हय" आले ते सगळे म्हाताऱ्यांचे आणि बायांचे होते. पोरं शिफ्टला. दादा नवा होता, कायम व्हायचा होता, दांडी मारली तर घरी बसवतील ही भीती होती. आमच्या घराचं नाव बाबांनी स्वतःच घेतलं आणि स्वतःच "व्हय" म्हणाले. आम्ही दिवसभर चिखल टाकला. मीही टाकला, आईनेही. अर्धी खांड भरली आणि हात संपले. उरलेल्या अर्ध्यातून पाणी आलं ते दुप्पट जोराने आलं आणि भरलेलं घेऊन गेलं. परत निघालो. पाराजवळ एका म्हाताऱ्याने नुसतं विचारलं, पोरं आता येनारच नाय का? बाबा पावडं खांद्यावर टाकून पुढे गेले.

त्या रात्रीपासून दादा आणि बाबा यांचं बोलणं तुटलं. भांडण झालं नाही. दादा ताट घेऊन ओटीवर बसायचा, बाबा आत. आई दोघांच्या मध्ये आमटीचं भांडं घेऊन फिरायची. दादा एकदा मला म्हणाला की पाण्याला शिफ्ट कळत नाही आणि सुपरवायझरला अष्टमी कळत नाही, मी काय करू सांग.

मग पोरांनीच सुचवलं, की अमुक एका रविवारी सगळ्यांची सुट्टी एकदम जुळतेय, त्या दिवशी जोळ लावा, आम्ही सगळे येतो. तो रविवार कोजागिरीच्या आदल्या दिवशीचा. म्हणजे भर उधाणाचा. आई ते ऐकून हसलीच. चेष्टा करताव का, म्हणाली. पण म्हातारी माणसं पारावर बसली, बराच वेळ बसली, आणि उठली तेव्हा बाबांनी येऊन सांगितलं, रविवारचा जोळ ठरला. आईने भाकरी तव्यावरच ठेवली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. ती करपली.

तो रविवार मात्र मला अजून लख्ख दिसतो. पहाटेची ओहोटी, खाडी पार तळाला गेलेली, चिखल चकाकतोय. आणि बांधावर माणसंच माणसं. कंपनीच्या खाकी पॅंटी गुडघ्यापर्यंत दुमडलेली पोरं, त्यांचे बाप, काके, डोक्याला टॉवेल बांधलेल्या बाया. बाबांनी हाळी दिली आणि एकाही घराचा "व्हय" चुकला नाही. आमच्या घराचं नाव आलं तेव्हा दादा ओरडला, आणि त्याचा आवाज जरा फाटला म्हणून सगळे हसले. मग ओळ लागली. तिवराच्या फांद्या आणि पेंढा खाली, वर चिखलाच्या ढेपा, या हातातून त्या हातात. दादा बाबांच्या शेजारी होता. बाबा त्याच्या हातातून ढेप घ्यायचे आणि पुढे द्यायचे, आणि दरवेळी काहीतरी टोमणा मारायचे. कंपनीत हात मऊ झाले, ढेप धरतो का लाडू धरतो. दादा हसत होता. आई कांदा फोडून भाकऱ्या वाटत होती आणि तीसुद्धा हसत होती. ऊन वर आलं तेव्हा खांड भरली. पोरं तिच्यावर उभी राहून नाचली.

दुपारी पाणी आलं. आधी फेस आला, मग पाणी. ते गडबडीने आलं नाही. ओल्या, अजून न बसलेल्या चिखलावर ते चढलं, थोडा वेळ तिथेच थांबलं, आणि मग मधोमध एक बारीक धार आत सुटली. पुढचं सगळ्यांनी उभ्याने बघितलं. होतं त्यापेक्षा मोठं भगदाड पडलं. पोरं पावडी घेऊन धावली, तर बाबांनी हात आडवा केला आणि म्हणाले, ऱ्हाऊ द्या.

त्यानंतर जोळ बसला नाही. पुढच्या वर्षी शेतात पांढरा खार फुलला, त्याच्या पुढच्या वर्षी तिवराची रोपं आली. दादा कायम झाला. माझं लग्न होऊन मी रोह्याला गेले. पेणहून गाडीने येताना कासू स्टेशन सुटलं की मी पश्चिमेच्या खिडकीत बसते. लांब खाडीकडे जी गर्द हिरवी रेघ दिसते तिच्यात आमचंही शेत असेल असं समजते. प्रवासी कौतुकाने म्हणतात, बघा किती हिरवं आहे. मी मान हलवते.

आई मात्र हिरवं बघायला तयार नव्हती. तिने बाबांना तो रविवार कधी माफ केला नाही. दर पुनवेला चुलीशी बसून ती सुरू व्हायची. आख्खं आयुष्य खाडीवर काढलेल्या माणसाला उधाणाला जोळ लावू नये एवढं कळू नये? पोरांचं ऐकून घर बुडवलं. बाबा ऐकून घ्यायचे. कधीकधी "चुकलो" म्हणायचे, कधी तेही नाही. ते गेले तेव्हा रडता रडतासुद्धा ती त्या रविवारावर आली. पुढे ती माझ्याकडे रोह्याला राहिली, तिथे बांध नव्हता, खाडी नव्हती, तरी पुनव आली की तिचा राग वर यायचा, तुळशीपुढे दिवा लावता लावता बाबांना दोन शब्द सुनावायची. मलाही तेच वाटायचं. मी पण बाबांवर रागावले होते. त्यांनी एकदा, फक्त एकदा, पंचांग बघायला हवं होतं.

मयुरी पुढे फोटो काढायला गेली. दादा कठड्यापाशी तसाच उभा. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, नुसतं वाऱ्याने, असं मी धरून चालले. मी त्याला म्हटलं, बस इथे, पाय दुखतील. आम्ही दोघं लाकडी बाकावर बसलो. माझे गुडघे वाजले. खालच्या नदीकडे बघत त्याने सहज, चहाला ये म्हणावं तसं सांगितलं.

"बाबाला ठाव होतं गो बाय."

मी विचारलं, काय ठाव होतं?

"टिकायचं नाय ते. बोलनं नव्हतं तरी आदल्या दिवशी मी विचारलं त्याला. बोललो, बाबा, उद्या पानी मोठं हाय, कशाला लोकांना मारतोस. अष्टमीला लाव, मी दांडी मारतो, गेली नोकरी तर गेली. तर बाबा बोलला, सगळ्या म्हाताऱ्यांना ठाव हाय. पारावर आमी तेच बोललो. यंदा भरली तर पुढल्या साली दुसरीकडं जाईल, तवा कोन येल? तुमी तुमच्या नोकऱ्या करा. उद्या तुमाला भरायला नाय बोलावलं. शेत सोडायला बोलावलंय. घरचं मानूस गेलं का सगळी येतान ना, तशी या."

वारा मध्येच पडला. खालच्या पाण्याचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला. मला त्या रविवारचे बाबा दिसले, चिखलाने माखलेले, टोमणे मारणारे, ढेपेमागून ढेप घेणारे. पोरांना नाचताना बघत कडेला उभे असलेले. आणि मला दादाचा राग आला, खरंच आला, इतकी वर्षं मनात दाबून ठेवल्याचा. आई शेवटपर्यंत तडफडत होती, दर पुनवेला, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. मी त्याला म्हटलं, निदान तिला तरी सांगायचं होतंस. बाबा गेल्यावर तरी.

दादाने माझ्याकडे बघितलं नाही.

"सांगनार होतो. बाबानंच शपथ घातली होती. बोलला, तिला नको सांगू. चुकलो म्हटलं तर ती मला रागवंल. सोडलं म्हटलं तर ती रडंल." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "बोलला, रागावलेली बरी."